मांडीवर हार्ड डिस्क

टकटक पहिल्यांदा आईनं ऐकली. "पाल चुकचुकत्येय, आज बाहेर पडू नकोस," म्हणाली. पाल माझ्या हार्ड डिस्कमध्ये होती. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० गिरक्या घेते आणि तिला वाचणारं डोकं केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवरून फिरतं. डोक्याला जागा सापडेनाशी झाली की ते परत मागे जातं, पुन्हा शोधतं, पुन्हा टक. भूमितीच्या पेपरात माझंही असंच व्हायचं.

रात्रभर जागून धाकट्याच्या लग्नाचे फोटो दुसरीकडे उतरवले. सगळे आले. फक्त व्याह्यांच्या भाषणाचा व्हिडिओ आला नाही. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

सकाळी डिस्क टॉवेलात गुंडाळून पोलादपूरच्या स्टँडवर एसटी धरली. महाड वीसेक किलोमीटर. डिस्क बंद असली की डोकं बाजूला सुरक्षित उभं असतं, हे मला ठाऊक होतं. पण प्रत्येक दणक्याला मी तिला पोटाशी धरत होतो. शेजारच्या आजींनी बराच वेळ पाहिलं.

"अंडी हायत काय रे बाला?"

"नाही आजी, फोटो आहेत."

"मंग येवढा कशाला जपतोस? फोटो काय फुटतायत?"

महाडच्या बाजारपेठेतल्या दुकानात शेठनी डिस्क कानाला लावून हलवली, नारळातलं पाणी बघावं तशी.

"गेली. बिल?"

"तुमच्याकडेच आहे ना! 'तुम्ही हरवाल, मीच जपून ठेवतो' म्हणालात."

शेठनी काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या, तेव्हाची. म्हणजे माझं बिल बाणकोटच्या खाडीतून केव्हाच अरबी समुद्रात पोचलं होतं. ज्याचं अख्खं दुकान गेलं त्याच्याकडे एका कागदासाठी भांडायचं तरी कसं? मी चहा मागवला.

डिस्कवरचा सीरियल नंबर मात्र कोरडा होता. शेठनी तो कंपनीच्या साइटवर टाकला आणि वॉरंटी जिवंत निघाली. डिसेंबर २०१९ ची खरेदी, तीन वर्षांची मुदत, आणि हा मे २०२२. अर्जात पहिलाच प्रश्न: वस्तू पाण्यात भिजली होती काय? महाडच्या माणसाला हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. "डिस्क पोलादपुरात होती," असं शेठनी माझ्या वतीनं ठणकावून सांगितलं. खाली बारीक अक्षरात होतं, की आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही. म्हणजे डबा बदलून मिळेल, लाडवांचं तुमचं तुम्ही बघा.

तीन आठवड्यांनी डबा आला. नवा नव्हे, दुरुस्त केलेला. आणि वॉरंटी जुन्याचीच उरलेली. सहा महिने. सोबतचा कागद शेठ जपून ठेवणार होते. मी तो हातातून काढून घेतला. आता तो पोलादपूरला, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत आहे.