दोनाने हुकलेलं भरीत

थंडी पडली की जळगावात भरीत पार्ट्या सुरू होतात. वांगी भाजेपर्यंत करायला काम नसतं, म्हणून माणसं फुशारक्या मारतात. मी तेच करत होतो. तेवढ्यात धुळ्याहून आलेली नववीतली भाची म्हणाली, "मामा, शून्य सोडून अशी पूर्ण संख्या सांगा, जिच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येईल."

अडत दुकानात वीस वर्षं खतावणी लिहिणाऱ्याला हे विचारायचं? "आठ दिवसांत देतो," मी म्हणालो. "नाहीतर पुढची पार्टी माझी!"

रोज रात्री बारा आकडी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 1 चे झाले 62, 2 चे 245, 3 चे 550. "कुणाची उधारी बुडाली?" बायकोने काळजीने विचारलं.

पाचव्या रात्री 3805 वर आलो. वर्गमूळ निघालं 29718.0000336! अडतीत आम्ही पैसे धरत नाही. दशांश चिन्हापुढची धूळ झटकली आणि त्याच आनंदात दहा किलो वांगी सांगून भाऊबंदांना आमंत्रण दिलं.

शेतात सगळ्यांसमोर मी आकडा जाहीर केला. भाचीने कॅल्क्युलेटर मागितलासुद्धा नाही. "29718 चा वर्ग 4 वर संपतो, तुमची संख्या 6 वर. दोनाचा फरक आहे, मामा."

"अगं, 88 कोटींत दोन!"

"मामा, ही बाजार समिती नाही."

खरी संख्या, तीही सर्वांत लहान, होती 22,61,53,980. तिच्या वर्गाची 61 पट अधिक 1, म्हणजे 1,76,63,19,049 चा वर्ग. तो एकोणीस आकडी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त स्थानांची नावं परार्धापर्यंत आहेत. हा वर्ग 31 परार्धांच्याही वर जातो. दहा सेकंदांना एक या माझ्या वेगाने, रात्रंदिवस बसलो असतो, तरी 72 वर्षं लागली असती. भास्कराचार्यांनी हे उत्तर 1150 मध्ये 'बीजगणिता'त चक्रवाल पद्धतीने काढून ठेवलं. फ्रेंच गणितज्ञ फर्माने 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना हाच प्रश्न घातला. आणि आचार्यांच्या ग्रंथांसाठी नातू चांगदेवांनी मठ काढला तो आमच्याच चाळीसगावजवळ, पाटणला. 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. शेजारी राहून मी शिकलो काय, तर पैसे सोडणं!

खरा चटका पुढेच बसला. भाचीने काडीने मातीत मांडलं: 29718 गुणिले 3805, त्याची दुप्पट करा, पहिली संख्या आली. 29718 च्या वर्गाच्या दुपटीत 1 मिळवा, दुसरी आली. माझ्या चुकीपासून उत्तर एका गुणाकारावर होतं! चक्रवालाचं चाक फिरतं तेच मुळी थोडक्यात हुकलेल्या उत्तरांवर. किती हुकलं, ते तेवढं नीट लिहून ठेवावं लागतं. मी ते झटकलं होतं.

तेव्हा वाचकहो, हिशेब जुळला नाही तर उरलेला आकडा पुसू नका. वांगीवाल्याने माझ्या बिलातले पन्नास पैसेसुद्धा सोडले नाहीत. त्याचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.