ड्रीम रन न धावता कशी पूर्ण करावी

ऑफिसातल्या कुणीतरी मुंबई मॅरेथॉनसाठी तुमचं नाव परस्पर देऊन टाकलंय. टी-शर्टची साइजही त्यानंच ठरवली आहे. आता माघार नाही, पण घाबरू नका. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची, तुमची ड्रीम रन सहाएक किलोमीटरची, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. नातेवाईकांना मात्र ‘मॅरेथॉनला चाललोय’ एवढंच सांगा. ही शर्यत २००४ साली सुरू झाली, तेव्हापासून सगळे असंच सांगत आलेत.

१. सराव. धावण्याचा सराव मुळीच करू नका. तिथं धावायला जागा नसते. त्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या गर्दीत दादरचा पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करा. चप्पल पायात राहिली आणि कुणाशी भांडण झालं नाही, तर तुमची तयारी झाली.

२. बूट. महागातले घ्या. दुकानदार तुमच्या तळपायाचा बाक पाहून गंभीर चेहरा करील. तुम्हीही करा.

३. बिब. छातीवरचा नंबर. तो आणायला वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं; शर्यतीतला सगळ्यात दमवणारा टप्पा हाच. नंबर चार पिनांनी टी-शर्टला लावायचा असतो. पहाटेच्या अंधारात, झोपेत लावलेली चौथी पिन हमखास बनियनलाही टोचली जाते आणि ते थेट मोबाइल टॉयलेटमध्ये कळतं. बाहेर चाळीस जण रांगेत दार वाजवत असतात. अशा वेळी मन शांत ठेवा.

४. सोंग. ज्याला धावायचं नाही त्यानं वेश करावा. झाड झालात तर फारच उत्तम, झाडानं पळावं अशी कुणाची अपेक्षा नसते. नऊवारी आणि गॉगल हा जोड दरवर्षी चालतो. हातात फलक हवाच, आणि त्यावरचा संदेश असा हवा की त्याला विरोध करणारा माणूस महाराष्ट्रात सापडू नये. ‘पाणी वाचवा’ लिहा. फक्त दांडा जाड बांबूचा घ्या. रस्ताभर अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या पडलेल्या असतात, पाय घसरला तर आधाराला बरा.

५. सुरुवात. आता नीट ऐका, नवशिके इथंच चुकतात. सीएसएमटीसमोर तुम्ही उभे आहात. इशारा होतो. लोक आरोळ्या ठोकतात, ढोल वाजू लागतात, आणि काहीही होत नाही. पुढं सरकायचा प्रयत्न करू नका, तो असभ्यपणा ठरेल. बऱ्याच वेळानं पुढचा माणूस एक पाऊल टाकील, तुम्हीही टाका. मग तो थांबेल, कारण त्याच्या पुढचा सेल्फी काढतोय. सीएसएमटीच्या इमारतीला जागतिक वारशाचा मान मिळाला तो २००४ सालीच. ती फोटोत यावी म्हणून भर शर्यतीत शेकडो माणसं शर्यतीकडे पाठ करून उभी राहतात. तुम्हीही वळा. एकटेच पुढं तोंड करून उभे राहिलात, तर सगळ्यांच्या फोटोत तुमचं डोकं मागून येईल.

६. धावणं. हो, थोडं लागतं. मरीन ड्राइव्हवर कॅमेरेवाला दिसला की वीस पावलं धावा. गुडघे उंच, ओठांवर हसू, नजर क्षितिजावर. कॅमेरा मागं पडताच कमरेवर हात ठेवून थांबा. मागून येणारे आपटतील, त्याला इलाज नाही.

याच सुमारास फुल मॅरेथॉनवाले परतताना दिसतील. पहाटेच्या अंधारात निघालेली ही माणसं सी लिंक ओलांडून, पेडर रोडचा चढ चढून आलेली असतात. गालांवर मिठाचे पांढरे ओघळ, पावलं फरपटत. बिचाऱ्यांना झाडाचं सोंग घ्यायचं सुचलंच नाही! त्यांच्याशी नजरानजर टाळा. झालीच, तर ‘कम ऑन सर, थोडंच राहिलंय!’ असं ओरडा आणि चिक्कीचा तुकडा तोंडात टाका.

७. परतीचा प्रवास. मेगाब्लॉक लागायच्या आत गाडी पकडा. बिब काढू नका. सीट मिळण्याची शक्यता वाढते, निदान कुणीतरी ‘किती किलोमीटर?’ विचारतं. ‘ह्या वेळी जरा कमीच केलं’ म्हणा.

८. सोमवार. जिना चढताना कठडा धरा. चहाच्या वेळी कुणी ‘टायमिंग काय?’ असं विचारलं, तर तो हाफवाला आहे हे ओळखा आणि त्याच्या गुडघ्याची चौकशी करा. धावणाऱ्या माणसाला स्वतःच्या गुडघ्याबद्दल पंधरा मिनिटं सहज बोलता येतं. तेवढ्यात तुमचा चहा पिऊन होतो.