सरपंचांची सही, टेबलाच्या खणात

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचा कारभार कोण चालवतं, हे जाणून घ्यायचं असेल तर भिंतीवरच्या फलकावरची नावं वाचत बसू नये. टेबलाचा खण उघडावा. शाईचं पॅड, सुकलेली डिंकाची बाटली आणि त्यांच्या शेजारी दोन डोंगल सुखाने नांदत असतात. एकात सरपंचांची डिजिटल सही, दुसऱ्यात ग्रामसेवक भाऊसाहेबांची. दोन्हींचे पिन एकाच चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली. सगळीकडे असंच असतं, असा आरोप मुळीच नाही; काही ठिकाणी चिठ्ठी खणाच्या आत असते. 2024 मध्ये ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला, पण चिठ्ठी बदलावी एवढं काही ते मोठं कारण नव्हे.

24 एप्रिल 2020 रोजी पंचायतींच्या हिशेबाचं ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू झालं. त्यावर वित्त आयोगाच्या पैशाला दोन कुलपं आहेत. एकाने देयक भरायचं, तो ‘मेकर’. दुसऱ्याने ते तपासून सोडायचं, तो ‘चेकर’. नावं इंग्रजी असली तरी अक्कल आपल्याच मातीतली. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे नेमत. सभासद बखरीत तशी नोंद आहे. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, एवढाच त्यातला हिशेब. दोन सह्यांचा हिशेबही तोच. मात्र दोन माणसं असतील तरच त्या सह्या दोन. दोन्ही डोंगल एकाच हातात आले की तपासणी उरत नाही; एकच माणूस आधी डाव्या आणि मग उजव्या हाताने अंगठा लावतो, एवढंच. शहापुरातल्या माहुली गडाच्या पायथ्याशी आज किल्ली आणि शिक्का एकाच खिशात फिरतात, आणि त्याला आपण ‘पारदर्शक कारभार’ म्हणतो.

तो खिसा बहुधा ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरचा असतो. अधिकाराच्या उतरंडीत हा शेवटचा. मानधन तुटपुंजं, तेही रखडणारं, त्यासाठी आंदोलनं करून झालेली. पण पडद्यासमोर तोच सरपंच, तोच भाऊसाहेब आणि तोच लाभार्थी, कारण ओटीपीही त्यालाच फोनवर सांगितला जातो. दोष त्याचा नाही. लोकांनी आपापली कामं आणून त्याच्या टेबलावर ठेवली, त्याने ती केली. गंमत पुढे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 42 सांगतं की सहीची खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. म्हणजे उद्या न बांधलेल्या गटाराचं देयक निघालं, तर नोटीस खणाला येत नाही, सरपंचांना येते. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथलं सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, आणि राज्यात निम्मी सरपंचपदं महिलांची. खणात पडलेली सही बऱ्याचदा कुणाची असते, हे आता वेगळं सांगायला नको. कायद्याने बाईला खुर्ची दिली. डोंगल मात्र ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणून काढून घेतलं.

यावर उत्तर तयार असतं. सरपंचबाई पाड्यावर राहतात, पाड्यावर रेंज नाही. आवणीच्या दिवसांत त्या चिखलात, आणि देयकं काही आवणीसाठी थांबत नाहीत. अडचण खरी आहे, तिची थट्टा करण्याचं कारण नाही. पण रेंज नाही म्हणून सही दुसऱ्याकडे ठेवायची, तर रस्ता नाही म्हणून मतही दुसऱ्याकडेच ठेवायला देता येईल. आठवड्याचा एक वार ठरवावा, त्या दिवशी देयकं वाचून दाखवावीत आणि पिन बाईंनी स्वतः दाबावा. याला उपग्रह लागत नाही. दुसरं उत्तर विश्वासाचं: ‘पोरगा आपलाच आहे.’ असेलही. पण पोरगा आपला म्हणून दुसरी सही नको असेल, तर त्याच न्यायाने पहिलीही कशाला?

वरून शिस्त येईल म्हणावं, तर वर खुद्द अ‍ॅडमिनच बसला होता. ठाणे जिल्हा परिषदेची आणि तिच्या पंचायत समित्यांची निवडणूक डिसेंबर 2017 मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत संपली, आणि नव्या सदस्यांऐवजी प्रशासक आला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं संविधानाचा अनुच्छेद 243 ई सांगतो. तात्पुरत्या कामासाठी उघडलेलं खातं बंद करायचं राहून जातं, ही तक्रार संगणकवाले नेहमी करतात. राज्यकारभारात या राहून जाण्याला ‘प्रशासकीय कारण’ असं भारदस्त नाव आहे.

भाऊसाहेबांची बदली झाली की चार्जची यादी होते: टेबल एक, खुर्च्या चार, पंखा एक (नादुरुस्त). पासवर्ड तोंडी. ऑपरेटरची तर बदलीही होत नाही. तो लग्नाला गेला की दारावर कागद लागतो, ‘सर्व्हर डाऊन’, आणि हळदीचा कार्यक्रम आटोपला की सर्व्हर सुरू होतो.