पायताण घालून आत या

आमच्या पारनेरात वर्गाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की आत शाळा भरली आहे असं समजावं. तेव्हा शाळेच्या कार्यशाळेवर 'पायताण घालूनच आत यावे' अशी पाटी लागली, तर लोक बुचकळ्यात पडणारच. शिपाईमामांनी पाटी मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि सवयीनं पाटीखालीच चपला काढून आत गेले.

पाटीवरचं अक्षर मुलांचं, हट्ट माझा. कारखान्यात मेन्टेनन्सला उभा जन्म काढून मी गावी आलो. निवृत्त माणसाला वेळ आहे हे इतरांना त्याच्या आधी कळतं. शाळेतले सर म्हणाले, "काका, तेवढी वर्कशॉपची खोली लावून द्या. तुमच्या दृष्टीनं दोन दिवसांचं काम."

दार उघडलं तर आत स्नेहसंमेलनाचा पडदा, मोडकी बाकं, सतरंज्या, एक तबकडी हरवलेला तराजू, आणि या सगळ्याखाली गाडलेलं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल. पहिलं हत्यार लागलं ते खराटा. त्यावरून आठवलं, पारनेरात 1880 साली जन्मलेले सेनापती बापट इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले, बाँबची कृती मिळवून परत आले आणि पुढे याच गावात हातात खराटा घेऊन रस्ते झाडू लागले. आम्ही त्यांचा अभ्यासक्रम शेवटाकडून सुरू केला. मधला धडा गाळला.

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, आणि तेही गावाला खरंच लागणारं काम करत, हा त्यांचा आग्रह. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आमच्या सरांच्या डोळ्यांपुढे तेच होतं. फक्त खरं काम म्हटलं की खरी धार, खरा करंट आणि खरी ठिणगी आली, हे फायलीत लिहिलेलं नसतं.

खोली लावणं सोपं गेलं. ग्राइंडरभोवती जमिनीवर पिवळी चौकट आखली. तिच्या आत एका वेळी एकच जण. वेल्डिंग दाराजवळ, उजेडाकडे पाठ करून. वाळूच्या बादल्या भरल्या. अर्थिंग नवं करून घेतलं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्यार ठेवून मुलांनी भोवती रंगानं त्याची कड काढली. पक्कड, कानस, गुण्या, करवत, सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर आल्या. संध्याकाळी एखादी सावली रिकामी दिसली की चौकशी सुरू. चौदा-पंधराचा पाना एकदा चार दिवस गायब होता. एकाच्या घरी मोटार दुरुस्त करून तो परत आला, वर पुसून, तेल लावून. त्याला रागवावं की शाबासकी द्यावी हे आमचं अजून ठरलेलं नाही.

आमच्या गावच्या सुताराकडे असली फळी नव्हती. तो जमिनीवर बसायचा, लाकूड पायांच्या अंगठ्यांत धरायचा आणि न बघता हात लांब करून पटाशी उचलायचा. सगळी सावली त्याच्या डोक्यात. पण ते डोकं तयार व्हायला वीस वर्षं लागतात, आणि आमच्याकडे तास पस्तीस मिनिटांचा.

अवघड गेले ते संस्कार. मुलं गुणी आहेत, हीच पंचाईत. एकाचा पाय हातोड्याला लागला. तो लगेच वाकून हातोड्याच्या पाया पडला, आणि डोकं नेमकं शेजारच्या फिरत्या ड्रिलच्या दिशेनं. दुसऱ्याच्या हातून पटाशी निसटली, तर ती झेलायला त्यानं हात पुढे केला. पडणारी वस्तू झेलावी, हे आपण क्रिकेटमधून आणि आईच्या काचेच्या बरण्यांवरून शिकलेलो असतो. इथे उलट : पडू द्या, मागे सरका. हातमोजे घालून ऐटीत ड्रिलवर उभ्या राहिलेल्या मुलीला ते काढायला लावले, तेव्हा ती रुसली. मोजा फिरत्या बिटात अडकला की हातासकट ओढला जातो, हे जुन्या चिंधीवर करून दाखवलं. चिंधी क्षणात गुंडाळली गेली. त्यानंतर वर्गातल्या सगळ्या वेण्या आणि ओढण्या आपापल्या बांधल्या गेल्या. मला बोलावं लागलं नाही.

मोठ्या माणसाला हटकू नये, हा तर सगळ्यांत पक्का संस्कार. मी चष्म्याच्या भरवशावर गॉगल न लावता पिवळ्या चौकटीत गेलो, तर तीस मुलं आदरानं गप्प. म्हणून नियम केला : इथे धाकट्यानं थोरल्याला ओरडायचं. आठवीतली एक मुलगी बरेच दिवस ओठ मिटून होती. परवा पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना ती म्हणाली, "साहेब, कृपया मागे व्हा." साहेब झाले. कृपया तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं.

मला असं 'मागे व्हा' म्हणणारं कोणी नव्हतं. शिकाऊ असताना वेल्डिंगची काच न धरता मी 'जरा बघितलं'. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री बारा वाजता दोन्ही डोळ्यांत मूठमूठ वाळू कोंबल्यासारखं झालं. आईनं दुधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले आणि रात्रभर त्या कारखान्याच्या नावानं बोटं मोडली. ठिणगी नुसती बघितली तरी तिचा हिशेब काही तासांनी येतो, हे तिला समजावण्याइतके माझे डोळे उघडत नव्हते.

राहिली पायताणं. पाटी लावली खरी, पण मुलांच्या पायांत रबरी सपाता. त्यांतून ठिणगी सरळ बोटांवर. बंद बूट असलेली पोरं तिसात सहा. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं घासूनपुसून मांडली, झेंडू वाहिला, आणि मुलांनी कुणी न सांगता बाकीच्यांसाठी दारात ठेवलेला बुटांचा एकुलता एक सामाईक जोडही ओळीत आणून ठेवला. सात नंबरचा आहे. वेल्डिंगच्या तासाला तो पाळीपाळीनं घालतात. पाचवाल्याला पुढे कागद कोंबावा लागतो आणि नऊवाला बाहेर बसून वही लिहितो.

तेव्हा घरात चामड्याचे जुने, पण तळ शाबूत असलेले बूट माळ्यावर पडले असतील तर आमच्याकडे पाठवा. पाच, आठ आणि नऊ नंबरची निकड आहे. नाड्या नसल्या तर उत्तमच.