चंद्र कुठला धरायचा?

बँकेत मी एकतीस वर्षं खुर्चीवर बसलो, पण ती खुर्ची कधी पुढे सरकली नाही. परवा मुंबईच्या विमानतळावर सरकली. लेकीने तिकिटाबरोबरच आम्हा दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवल्या होत्या. "फार चालावं लागतं बाबा, रांगा मोठ्या असतात, गेट सापडत नाही, आणि साहेब काय विचारतो ते तुम्हाला कळायचं नाही." चार कारणं झाली, गुडघ्यांचं नाव नाही. आमची ही रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून येते. पण खुर्ची दिसताच तिने अशी मान टाकली की क्षणभर मलाच काळजी वाटली. खुर्च्यांच्या रांगेत आमच्यासारखी तीसेक मंडळी होती, बहुतेक सगळी बाळंतपणाला निघालेली. (म्हणजे लेकी-सुनांच्या.) एक आजोबा तर खुर्ची यायला उशीर झाला म्हणून तरातरा चालत जाऊन तक्रार करून आले.

सामान देताना खोळंबा झाला तो खोबऱ्यावरून. बाळंतिणीसाठी डिंक, हळीव, बाळंतशेपा आणि सुक्या खोबऱ्याच्या दहा वाट्या बॅगेत होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, खोबरं काढा. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं; संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला म्हणे १३६३ असा क्रमांकसुद्धा आहे. इतकी वर्षं आपण सवाष्णींच्या ओटीत काय भरत होतो, या विचाराने मी गप्पच झालो. ही मात्र गप्प बसणारी नव्हे. "मग हे डिंकाचे लाडू?" लाडू चालतील, मुलगी म्हणाली. "अगं, पण त्यात निम्मं खोबरंच..." असं मी म्हणेपर्यंत हिने माझ्या पायावर पाय दिला. व्हीलचेअरवाल्या पायात एवढा जोर असतो हे त्या कंपनीला कळलं असतं, तर दोन्ही खुर्च्या तिथल्या तिथे परत घेतल्या असत्या.

पुढे एक गंमत झाली. हिची खुर्ची ढकलणारा पोरगा चपळ होता आणि माझा निवांत. ही वळणावर दिसेनाशी झाली आणि दोघांचे पासपोर्ट हिच्या पर्समध्ये! इमिग्रेशनच्या साहेबांनी पासपोर्ट मागितला. मी म्हणालो, "पुढे गेला." माझ्या मांडीवर फक्त दशम्यांची पिशवी होती.

आखातात विमान बदललं आणि सोळा तासांचा मुक्काम सुरू झाला. मुक्कामच म्हणायचा, कारण प्रवासात माणूस हलतो. खिडकीची जागा मला, वाटेकडची हिला, मधली रिकामी राहील आणि पाय पसरता येतील, ही युक्ती मी निवृत्तांच्या कट्ट्यावर ऐकली होती. मधल्या जागेवर सव्वासहा फुटांचा नागपूरचा मुलगा आला. "काका, तुम्ही इकडे या ना," तो बिचारा म्हणाला. पण मला खिडकी सोडवेना, हिला वाट सोडवेना. मग आमच्या गोळ्या, चष्मे आणि टोमणे सोळा तास त्याच्या मांडीवरून ये-जा करत राहिले.

लेकीने आमच्यासाठी शाकाहारी ताटं आधीच सांगितली होती. अशी खास ताटं सगळ्यांच्या आधी येतात. म्हणजे जन्मभर सगळ्यांना वाढून शेवटी पानावर बसणाऱ्या बाईपुढे आज शे-दोनशे माणसांच्या आधी पान आलं! मी कौतुकाने बघतोय, तर हिने ते झाकणासकट मुलाच्या पुढ्यात सरकवलं. "घे रे बाळा. मला आज संकष्टी आहे."

मी माझा पुलाव चाखला. चव लागेना. विमान कितीही वर गेलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरात असावी तशी ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणजे आम्ही कळसूबाईच्याही वर बसून जेवत होतो. त्या विरळ, कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि साखर धड कळत नाही. हे सगळं मी त्या मुलाला समजावत होतो, तोवर हिने पर्समधून दाण्याच्या चटणीची पुडी काढून माझ्या ताटात उपडी केली. चव आली. माझं व्याख्यान मात्र तिथेच बसलं.

"अहो, चंद्रोदय किती वाजता?" हिने विचारलं.

इथे मला 'बघून सांगतो' म्हणता आलं असतं. पण बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान रशिया ओलांडून उत्तर ध्रुवाकडे निघालं होतं, आणि मधे एक श्रोता बसला होता. मी म्हणालो, "अगं, जूनमध्ये इथे वर सूर्य मावळतच नाही. आणि पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र आकाशात सूर्याच्या जवळपास समोर असतो. त्यामुळे सूर्य मावळत नाही तिथे हा चंद्र उगवतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इथल्या हिशेबाने तुझा उपास सुटतच नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. बँकेत ऑडिटर आला की शिपाई माझ्याकडे तसं बघायचा.

ही शांतपणे म्हणाली, "इथला चंद्र धरायला मी काय इथली आहे?" आणि मनगट पुढे केलं. तिचं घड्याळ मुंबईत नाही, आखातात नाही, कुठेच बदललेलं नव्हतं. पुण्याचा चंद्रोदय दहा वाजून सात मिनिटांनी, हे ती निघतानाच कॅलेंडरात बघून आली होती. मग मला विचारलं कशाला, हा प्रश्न चौतीस वर्षांच्या संसारात नवरे विचारत नाहीत.

खिडक्यांचे पडदे ओढून विमानवाल्यांनी त्यांची रात्र केली. हिने तिची केली. दहा वाजून सात मिनिटांनी मला खिडकीचा पडदा चार बोटं वर घ्यायला लावला, खालच्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर पडलेल्या उन्हाला हात जोडले, दशमीचे तीन तुकडे केले आणि लाडवाचेही तीन. मधल्या मुलाने 'थँक यू काकू' म्हणून दोन्ही हातांत घेतलं, प्रसादासारखं. घरचं खाऊन बायको घोरू लागली. मुलाच्या खांद्यावर. मी खिडकीला डोकं टेकलं. जागा मीच निवडली होती.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि तारीख तीच होती. पुन्हा खुर्च्या आल्या. या खेपेला हिची मान आपोआपच पडली. दाराशी लेक पोट सांभाळत उभी. तिने आईच्या गळ्यात हात टाकले.

"आई, दमलीस ना? घरी गेल्यावर चहा घे फक्त. आज इकडे संकष्टी आहे, चंद्रोदय रात्री साडेअकराला. मी साबुदाणा भिजवून ठेवलाय."

हिने घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काहीतरी सांगा ना तिला," ती म्हणाली. "एरवी किती बोलता."