दहावी पास, बारावी नापास

आमच्या मेहुण्यांना राजकारणाची गोडी कधी लागली, त्याची तारीख सांगता येते. २३ नोव्हेंबर २०१९, वार शनिवार. त्या दिवशी दारात पडलेल्या पेपरात उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याची बातमी होती, आणि टीव्ही लावावा तर राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलेला. हातात एक मुख्यमंत्री, समोर दुसरा. तोवर मेहुण्यांचा बातम्यांशी संबंध राशिभविष्य, शब्दकोडं आणि सोन्याचा भाव एवढाच. त्या सकाळी चहा निवून गेला तरी ते जागचे हलले नाहीत. २६ तारखेला ते सरकार गेलं आणि २८ला शिवाजी पार्कवर दुसरं आलं, तेव्हा मला फोन करून म्हणाले, "दाजी, इतकी वर्षं क्रिकेट बघण्यात उगाच घालवली हो."

नागरिकाने जागरूक असावं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला थोड्या मार्कांचा विषय, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. मेहुण्यांनी घेतलं. प्रतोद, गटनेता, व्हीप, बहुमत चाचणी हे शब्द त्यांच्या तोंडी असे बसले, की घरात भाजी कोणती करायची यावर मतभेद झाले तरी ते "आधी गटनेता कोण ते ठरवा" म्हणायला लागले. (गटनेत्या वहिनीच आहेत, आणि त्यांच्या विरोधात अविश्वास ठराव मांडण्याची मेहुण्यांची छाती नाही.)

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा मेहुण्यांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, घटनापीठाचं कामकाज थेट दिसायला लागलं, आणि सिब्बल काय म्हणाले, साळवे काय म्हणाले, हे मेहुणे जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगू लागले. दहावी अनुसूची तर तोंडपाठ. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तेव्हा एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट चालायची. २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती सोय गेली, आता दोन तृतीयांश लागतात आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. हे त्यांनी कोथिंबिरीची जुडी हातात धरून, काड्या वेगवेगळ्या करून, भाजीवाल्या मावशींना समजावलं. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, जुडी फोडली, आता घ्यावी लागंल."

असा हा अभ्यासू माणूस. त्याची भूक भागवायला मराठीत अहोरात्र चालणाऱ्या वाहिन्या हजर होत्या. आणि तिथेच घात झाला.

मेहुण्यांची पहिली तक्रार गुप्त बैठकीबद्दल होती. पडद्याच्या वरच्या पट्टीवर 'गुप्त बैठक', खाली 'बंद दाराआड खलबतं', आणि मध्ये ते बंद दार अर्धा तास थेट प्रक्षेपित. दारासमोर बूम घेऊन उभा असलेला प्रतिनिधी. स्टुडिओतून विचारणा, "नेमकं काय घडतंय आतमध्ये?" कानातलं यंत्र दाबून तो चार सेकंद शून्यात बघतो आणि म्हणतो, "निश्चितच, जर आपण पाहिलं तर, आत बैठक सुरू आहे." मग एक गाडी बाहेर पडते. सगळे कॅमेरे गाडीमागे धावतात. काचा काळ्या. "गाडीत नेमकं कोण होतं, हे पाहणं महत्त्वाचं ठरणार आहे." मेहुणे म्हणाले, "दाजी, पाहणं महत्त्वाचं ठरणार आहे, ठरणार आहे, असं किती महिने म्हणतायत. एकदा पाहा की रे बाबांनो!"

दुसरी तक्रार 'नॉट रिचेबल'ची. एखाद्या आमदाराचा फोन लागेनासा झाला की पडदा लाल होतो. मेहुण्यांचं म्हणणं असं, की आमच्या गल्लीचा पाणीपुरवठ्याचा माणूस गेली कित्येक वर्षं नॉट रिचेबल आहे. त्याची एकदाही ब्रेकिंग न्यूज झाली नाही. मी त्यांना समजावलं, की त्याच्या नॉट रिचेबल असण्याने सरकार पडत नाही. ते म्हणाले, "अहो, पण बायका पडतात. टँकरला बादल्या लावताना."

गुवाहाटीबद्दल मात्र ते थट्टा करत नाहीत. शिंदेंसोबत गेलेले आमदार शहाजीबापू पाटील यांनी फोनवर सांगितलेल्या झाडी, डोंगार आणि हाटीलवर आपण सगळेच हसलो. त्याच दिवसांत आसामात महापूर होता. सिलचर शहर पाण्यात बुडालं होतं, लाखो लोकांची घरं-शेतं गेली होती. मराठी वाहिन्यांचे प्रतिनिधी आसामात, कॅमेरे आसामात. पण मेहुण्यांच्या टीव्हीवर पूर दिसला तो तृणमूलचे कार्यकर्ते जाब विचारायला आमदार उतरलेल्या हॉटेलच्या दारात येऊन बसले तेव्हा. तेही दोन मिनिटं. नंतर पुन्हा नाश्त्याला काय होतं, यावर चर्चा. पुराने सिलचरऐवजी त्या हॉटेलची लॉबी गाठली असती तर त्याला प्राइम टाइम मिळाला असता. पण निसर्गाला अजून माध्यमांचं भान आलेलं नाही.

नाराजी हा तर कायमचा विषय. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस, निकाल लागूनही मुख्यमंत्री ठरत नसताना, शिंदे साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी गेले. ते आजारी आहेत की नाराज, यावर राज्यातल्या तज्ज्ञांची फौज बसली. थर्मामीटर लावून कळणारी गोष्ट आठ चौकटींतली आठ माणसं एकाच वेळी बोलून शोधत होती. मेहुण्यांनी आवाज बंद करून ती चर्चा शेवटपर्यंत पाहिली. म्हणाले, "आता जास्त समजतंय."

तुम्ही म्हणाल, मग पेपर वाचावा. या सदराच्या पोटावर पाय येईल म्हणून मी याबद्दल जपून बोलणार. मेहुणे पेपर वाचतातच. आधी फ्लॅटच्या जाहिरातीचं पहिलं पान, मग सोन्याच्या जाहिरातीचं पहिलं पान, मग कधीतरी खरं पहिलं पान सापडतं. त्यांना मी २००९च्या विधानसभा निवडणुकीची गोष्ट सांगितली. तेव्हा महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या पेपरांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दाला शब्द सारखा छापून आला होता, आणि तो पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड्यावर मांडला. प्रेस कौन्सिलने पेड न्यूजची चौकशी करायला दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने २०१०मध्ये ७१ पानी अहवाल दिला. कौन्सिलने त्याचा आटोपशीर गोषवारा तेवढा काढला आणि पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांबद्दलची बातमी वृत्तपत्रांच्या परिषदेकडून माहितीच्या अधिकाराने काढावी लागली! मेहुणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यात फुटलं कोण?" त्यांना कोणीतरी फुटल्याशिवाय बातमी कळत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

आणि खरी गोम इथेच आहे. दहावी अनुसूची पाठ असलेल्या या माणसाला मी एकदा बारावीबद्दल विचारलं. "विज्ञान की वाणिज्य?" म्हणाले. मी म्हटलं, अहो, राज्यघटनेची बारावी अनुसूची. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेली. पाणी, रस्ते, अग्निशमन, बागा, पथदिवे, जन्म-मृत्यूची नोंद, कोंडवाडे आणि स्मशान अशी अठरा कामं तिच्यात आहेत. आमदार सुरतेला जाताहेत की गुवाहाटीला, याचा तुमच्या नळाशी संबंध असेल-नसेल. या अठरा कामांचा आहे. आणि त्याच दुरुस्तीने घटनेत हेही लिहिलं, की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत निवडणूक पोचली ती थेट जानेवारी २०२६मध्ये. मधल्या काळात नगरसेवक नाहीत, महापौर नाही. आयुक्त हेच प्रशासक. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासकांनी ते मंजूर करायचं. हजारो कोटींवर एकमत, तेही बिनविरोध. मांडणारा आणि मंजूर करणारा यांची गुप्त बैठक कुठे झाली, कोणाच्या गाडीतून कोण आलं, हे विचारायला एकाही वाहिनीची ओबी व्हॅन गेली नाही. वास्तविक दोघांना एकाच खुर्चीत बसलेलं दाखवता आलं असतं. असं दृश्य वाहिन्यांना पुन्हा कुठे मिळणार?

मेहुण्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं बातम्या बघून हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचा त्यांना मनापासून राग आला. (सांगितलं होतं. आतल्या पानावर, निविदा सूचनेच्या शेजारी.) त्यांनी वाहिन्यांवर बहिष्कार जाहीर केला आणि दुसऱ्याच सोमवारी, गल्लीतल्या कमी दाबाच्या पाण्याचा अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले. शहराचं नाव सांगत नाही, तुमचंच समजा. सोबतीला मी होतो.

आवक-जावकच्या टेबलावर एक बाई शिक्के मारत बसल्या होत्या. मेहुण्यांनी कनिष्ठ अभियंत्यांची चौकशी केली.

"साहेब साइटवर आहेत."

"कुठल्या साइटवर?"

"ते साइटवरच असतात. फोन लागत नाही."

मेहुण्यांचे डोळे चमकले. "नाराज आहेत का?"

बाईंनी शिक्का हवेत धरला. "नाही हो काका, त्यांच्याकडे तीन प्रभागांचा चार्ज आहे. दोन जागा रिकाम्या आहेत."

"म्हणजे अतिरिक्त कार्यभार! खातेवाटपाचा तिढा कायम आहे तर. आणि वरिष्ठांच्या पातळीवर काय हालचाली?"

"वरचे साहेब मीटिंगला गेलेत."

"बंद दाराआड?"

"एसी असतो ना, दार लावावंच लागतं."

मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता पडद्यावर लाल पट्टीच यायची बाकी आहे. तेवढ्यात खिडकीपाशी उभ्या असलेल्या शिपायाने हळूच सांगितलं, की व्हॉल्व्हचं काम गुरुवारी होणार म्हणतात, पण ठेकेदाराचं बिल निघालं तर. अर्जावर शिक्का मारून घ्यायचा राहिलाच. तो मी मारून घेतला. मेहुणे तोवर बाहेर व्हरांड्यात जाऊन वहिनींना फोन लावत होते.

"हॅलो, मोठी बातमी. पाणी गुरुवारी येण्याची दाट शक्यता. हो, सूत्रांची माहिती आहे."

पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. "सूत्रं राहू द्या. टँकर आत्ता आलाय, तुम्ही आधी घरी या आणि पाइप धरा."