कारणे द्या

हाउन्स्लो, लंडन
रविवार, 18 एप्रिल 2010

नववी 'अ'च्या वात्रटांनो,

टपालाची विमानंही जमिनीवर आहेत, म्हणून हे पत्र जावईबापूंनी टाइप करून शाळेच्या ईमेलवर धाडलंय. शिपाईमामा, छापून सूचनाफलकावर लावा.

"एस.टी. चुकली, सर" म्हणणाऱ्याला मी चोवीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं. आता माझं ऐका. सर उद्या शाळेत येणार नाहीत, कारण आइसलँडमध्ये बर्फाखालचा डोंगर फुटला. हेडसरांना फोनवर हे सांगितलं, तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अहो, नातीसाठी रजा वाढवून हवी असेल तर सरळ मागा ना!"

डोंगराचं नाव एयाफ्याट्लायोकुट्ल. हसू नका, फोड करा : एया म्हणजे बेटं, फ्याट्ला म्हणजे डोंगर, योकुट्ल म्हणजे हिमनदी.

आता डोंगर तिकडे, सर इकडे, मग विमानाचं काय अडलं? कारणे द्या! बुधवारी तापलेला शिलारस हिमनदीच्या पाण्याला भिडला. कढत तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, ते आईला विचारा. शिलारसाचा पार भुगा झाला, काचेसारखा. वाऱ्याने तो इथवर आणला. इंजिनाच्या धगीत ही राख वितळते, पात्यांवर थिजते आणि इंजिन गुदमरतं. 1982 साली जावा बेटाजवळ एका जंबो विमानाची चारही इंजिनं अशीच बंद पडली. राखेबाहेर आल्यावर पुन्हा सुरू झाली म्हणून माणसं वाचली. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच बरं का, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. घरातलं म्हातारं माणूस.

आमचं शुक्रवारचं तिकीट होतं, गुरुवारी दुपारीच आकाश बंद झालं. हीथ्रो इथून हाकेच्या अंतरावर. एरवी विमानांनी कपबशा थरथरायच्या, आता इतकी शांतता की नात दचकून उठते. मेतकूट संपलं, माझ्या बीपीच्या गोळ्या सहा उरल्यात. तुमच्या काकू मात्र खुशीत. नातीला मांडीवर घेऊन रोज टीव्हीवर राख पाहतात आणि ती कमी झाली की हिरमुसतात. ज्वालामुखीला नैवेद्य दाखवायचा तेवढा बाकी आहे.

उद्याच्या भूगोलाच्या पेपराच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे. टाळ्या थांबवा, दुसरी मराठीच्या बाईंकडे आहे.

तुमचे,
भूगोलाचे सर

ता.क. चिठ्ठीवर पालकाची सही लागते, हा माझाच नियम. म्हणून लेकीकडून घेतली. तिने सहीखाली लिहिलंय, "बाबा खरं बोलताहेत. यावेळी तरी."